संगणकीय माहितीची गळती : वैद्य व औषधविक्रेत्यांचे हक्क आणि कर्तव्ये

रुग्णाची प्रकृती, पूर्वरोगवृत्त, तपासण्यांचे अहवाल आणि योजलेली औषधे यांची नोंद पूर्वी केसपेपरवर होत असे व तो कागद दवाखान्याच्या कपाटात राहत असे. आज तीच नोंद बहुतेक ठिकाणी संगणकात होते आणि तो संगणक एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या दूरच्या सर्व्हरशी जोडलेला असतो. औषधविक्रेत्याचे बिल, घाऊक व्यापाऱ्याकडे नोंदवलेली मागणी, जीएसटीचे विवरणपत्र, यूपीआयने जमा झालेली रक्कम, या सर्वांचा प्रवास कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या संगणकातून होतो. आपण आपले कुलूप कितीही जपले, तरी किल्लीची एक प्रत त्या कंपनीपाशी असतेच. तिच्याकडून ती हरवली, तर काय करावे, कोणाकडे जावे आणि किती दिवसांत जावे, याची स्पष्ट कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

मावळातील इंदुरी हे इंद्रायणीकाठचे, तळेगाव–चाकण रस्त्यावरील गाव. दोन्ही बाजूंना औद्योगिक वसाहती आहेत. येथे चिकित्सा घेणाऱ्यांत शेतकरी आहेत, तसेच कारखान्यांतील कामगारही आहेत. या कामगाराच्या पाठदुखीची, मधुमेहाची किंवा मानसिक अस्वास्थ्याची नोंद बाहेर गेली, तर त्याच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो. सोयरीक ठरत असलेल्या घरातील मुलीच्या स्त्रीरोगचिकित्सेची नोंद बाहेर गेली, तर त्या घरावर काय प्रसंग ओढवेल, हे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास सांगावयास नको. म्हणून हा विषय केवळ शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा आहे, असे मानता येत नाही.

सुश्रुतसंहितेतील षट्क्रियाकालाची संकल्पना आपण सर्वजण जाणतो. दोषाच्या ज्या अवस्थेत क्रिया करावयाची, ती टळली की तीच क्रिया अपुरी पडते. माहितीच्या गळतीनंतरचे कायदेशीर उपायही असेच कालबद्ध आहेत. कोणता उपाय किती दिवसांत योजावयाचा आणि त्यासाठी कोणता कागद हाती असावा लागतो, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गळतीचे प्रकार

माहितीची गळती म्हटली की कुठेतरी दूर बसून संगणक फोडणारा चोर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तिचे किमान तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार घरभेद्याचा. २००५ साली पुण्यातील एम्फसिस या कंपनीच्या कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतील काही ग्राहकांचे गोपनीय क्रमांक मिळवले आणि त्यांच्या खात्यांतील सुमारे दीड कोटी रुपये पुण्यात उघडलेल्या खात्यांकडे वळवले. येथे संगणकाची भिंत कोणी फोडली नव्हती. ज्यांच्या हाती माहिती विश्वासाने दिली होती, त्यांनीच ती वापरली.

दुसरा प्रकार उघड्या दाराचा. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे हजारो अहवाल इंटरनेटवर कोणालाही पाहता येतील अशा स्थितीत आढळले. त्यांत एचआयव्ही चाचण्यांचे अहवालही होते. पुढे २०२० च्या आरंभी ग्रीनबोन या जर्मन संस्थेच्या पाहणीचे वृत्त प्रसिद्ध झाले. भारतीय रुग्णांच्या एक्स-रे, सीटी स्कॅन आदींच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा कोणत्याही पासवर्डावाचून पाहता येत असल्याचे तीत म्हटले होते आणि अशा उघड्या नोंदींत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. ही चोरी नव्हती. दाराला कडीच लावलेली नव्हती.

तिसरा प्रकार बाहेरून झालेल्या हल्ल्याचा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेवर हल्ला होऊन दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणकव्यवस्था खंडणीखोरांच्या हल्ल्याने ठप्प झाली आणि कित्येक दिवस तेथील काम हाताने कागदावर करावे लागले.

हे प्रकार वेगळे ओळखण्याचे व्यावहारिक कारण आहे. भरपाई मागताना ‘माहिती गेली’ एवढे म्हणून भागत नाही. कंपनीने वाजवी सुरक्षाव्यवस्था ठेवण्यात हयगय केली, हे दाखवावे लागते. पासवर्ड नसलेला सर्व्हर किंवा नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे चालू राहिलेले खाते हा हयगयीचा उघड पुरावा होय.

पहिले तीन दिवस

गळतीची वार्ता कंपनीच्या पत्राने, वृत्तपत्रातून किंवा खात्यातून अचानक गेलेल्या रकमेच्या संदेशाने कळते. त्या क्षणापासून पुढील कामे या क्रमाने करावीत.

खात्यातून पैसा गेला असेल, तर सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे आणि त्याच वेळी बँकेला कळवावे. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फार वेगाने फिरते. ती मध्येच गोठवता येते, पण त्यासाठी पहिले काही तासच उपयोगी पडतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार भरून तिचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेला तोंडी सांगून थांबू नये. ई-मेल करावा किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्यावी. पोचेवर दिनांक आणि वेळ असणे आवश्यक आहे.

त्यानंतर पासवर्ड बदलावेत. ज्या ई-मेलवर इतर सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे संदेश येतात, त्या ई-मेलचा पासवर्ड आधी बदलावा, मग बँक, जीएसटी, आयकर आणि बिलिंग सॉफ्टवेअर यांचा. एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला असेल, तर ती सर्व ठिकाणे गळती झालेली समजावीत.

आधार क्रमांक बाहेर गेला असल्यास आधार प्राधिकरणाच्या सुविधेने बोटांचे ठसे ‘लॉक’ करावेत. आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सुविधेवर पाहता येते. अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच कळवावे. आपल्या पॅनवर कोणी कर्ज उचलले आहे काय, हे पतमाहिती कंपन्यांच्या अहवालावरून कळते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा असा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपणांस हक्क आहे. गळतीनंतर लगेच एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा तो पाहावा, कारण चोरलेली माहिती अनेकदा बराच काळ पडून राहते व नंतर वापरली जाते. औषधविक्रेत्यांनी आपल्या जीएसटी क्रमांकावर अनोळखी पावत्या निघाल्या आहेत काय, हेही प्रत्येक महिन्यास तपासावे.

या धांदलीत एक गोष्ट मात्र करू नये. संदेश, ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसून टाकू नये आणि मोबाईल किंवा संगणक स्वच्छ करून घेण्याची घाई करू नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ नोंद आणि मूळ यंत्र शाबूत असेल, तर हे काम सोपे होते. पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, त्यांवर दिनांक दिसेल असे पाहावे आणि त्यांची छापील प्रत स्वतंत्र फाईलमध्ये ठेवावी.

कंपनीला लिहावयाचे पत्र

अशा प्रसंगी कंपन्यांकडून येणारी पत्रे मोघम असतात. मी चिकित्सालयात वापरत असलेल्या एका नोंदणी-सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून ‘काही माहिती अनधिकृत व्यक्तींस उपलब्ध झाली असण्याची शक्यता आहे, तरी काळजीचे कारण नाही’ अशा आशयाचा दोन ओळींचा संदेश आला होता. त्यावरून रुग्णांना काय सांगावे, हे कळणे शक्य नव्हते. तेव्हा पुढील पाच प्रश्न लेखी विचारले आणि ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मागितले :

१. माझी व माझ्या रुग्णांची नेमकी कोणती माहिती गेली? नावे, दूरध्वनी, निदान, बँकेचा तपशील, यांपैकी काय?
२. गळती केव्हा झाली, आपणांस केव्हा कळली आणि ती कशामुळे झाली?
३. माहिती सांकेतिक रूपात साठवलेली होती की उघड्या रूपात?
४. आपण सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेकडे आणि पोलिसांकडे केव्हा कळवले? त्याची नोंद द्यावी.
५. पुढील नुकसान टाळण्यासाठी आपण काय केले आणि आम्ही काय करावे? आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व पत्ता काय?

पहिल्या स्मरणपत्रापर्यंत उत्तर आले नाही; दुसऱ्या पत्रानंतर आले आणि त्यात निदानाच्या नोंदी गेल्या नसल्याचे, परंतु दूरध्वनी क्रमांक गेल्याचे स्पष्ट झाले. ते उत्तर हाती आल्यावरच रुग्णांना नेमका इशारा देता आला.

हे प्रश्न आगंतुक नाहीत. २०११ च्या नियमांनी प्रत्येक कंपनीस तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि तक्रारीचा एक महिन्यात निपटारा करणे बंधनकारक केले. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. कंपनीने उत्तर दिले, तर माहिती मिळते. न दिल्यास तिचे मौन हाच पुढील तक्रारीतील कागद होतो.

बँकेकडून रक्कम परत मिळवणे

या बाबतीत आपल्याच क्षेत्रातील एक निकाल प्रत्येक औषधनिर्मात्याने व विक्रेत्याने लक्षात ठेवावा असा आहे. ऑक्टोबर २०२२ च्या आरंभी ‘फार्मा सर्च आयुर्वेद’ या खासगी कंपनीच्या बँक ऑफ बडोदामधील खात्यात, कंपनीला ओटीपी न येता, नवे लाभार्थी जोडले गेले आणि ७६,९०,०१७ रुपये काढले गेले. कंपनीने विनाविलंब बँकेस व सायबर पोलिसांस कळवले. बँकेने जबाबदारी नाकारली आणि बँकिंग लोकपालांनीही तक्रार फेटाळली. त्यानंतर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी व न्यायमूर्ती फिरदोश पुनीवाला यांच्या खंडपीठाने जून २०२४ मध्ये संपूर्ण रक्कम परत करण्याचा आदेश बँकेस दिला.

या निकालाचा आधार होता रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक. त्याने घालून दिलेले तत्त्व असे : चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, ती यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा प्रकरणात ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास दायित्व मर्यादित, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, दायित्व शून्यच. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही अशाच तरतुदी करण्यात आल्या. मावळातील अनेक व्यावसायिकांची खाती सहकारी बँकांत असल्याने हे ध्यानात ठेवावे. आपल्या बँकेचे याविषयीचे चालू धोरण शाखेकडून लेखी मागून घ्यावे.

ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याच्यावर येते. परंतु कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणून संकोचाने गप्प बसणे सर्वांत महाग पडते. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. लोकपालाचा नकार हा शेवटचा शब्द नसतो, हेही वरील निकालाने दाखवून दिले.

नुकसानभरपाई मागणे

बँकेखेरीज अन्य कंपनीच्या हयगयीने नुकसान झाले असल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३-ए उपयोगी पडते. २००८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. पासवर्ड, बँक व कार्डाचा तपशील, शारीरिक-मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे ही ‘संवेदनशील’ माहिती हाताळणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षेत हयगय केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी, असे ते सांगते. याची मर्यादाही समजून घ्यावी. केवळ माहिती गेल्याने भरपाई मिळत नाही. नुकसान दाखवावे लागते. तसेच व्यापारी गिऱ्हाइकांची यादी किंवा दरपत्रक या संज्ञेत बसत नाही.

पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा दिवाणी न्यायालयात न जाता कलम ४६ खालील न्यायनिर्णायक अधिकाऱ्याकडे दाखल होतो. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे ते अधिकारी असतात. महाराष्ट्रासाठी अर्ज मंत्रालयात करावा लागतो. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात असते. पुण्यातील ‘पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज’ या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम फसव्या ई-मेलच्या मार्गाने गेली, तेव्हा तिने हाच मार्ग धरला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कंपनीने फसव्या ई-मेलला प्रतिसाद दिला असल्याने नुकसानीचा काही भाग तिच्यावरही ठेवला गेला. मात्र फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्यांची तपासणी बँकेने नीट केली नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. आपली थोडी चूक असली, तरी दुसऱ्याची मोठी हयगय त्यामुळे माफ होत नाही, हे यातून घ्यावयाचे.

रक्कम लहान असेल किंवा सेवेतील त्रुटी हाच मुख्य मुद्दा असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणे सोयीचे. कंपनी बंगळूरची असो वा दिल्लीची, तक्रारदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. इंदुरीच्या वैद्यास पुणे पुरते. मुदत दोन वर्षांची आहे. ‘व्यापारी हेतूने घेतलेली सेवा’ असा आक्षेप कंपनी घेऊ शकते. त्यावर, स्वतःच्या चरितार्थासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यास कायद्याने दिलेला अपवाद तक्रारीतच नमूद करावा.

गुन्हा नोंदवणे

भरपाई आणि शिक्षा हे स्वतंत्र मार्ग आहेत. एक धरल्याने दुसरा बंद होत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड अथवा ओळख वापरणे हा कलम ६६-सी खाली, संगणकाच्या साहाय्याने तोतयागिरी करून फसवणे हा ६६-डी खाली आणि करारान्वये मिळालेली वैयक्तिक माहिती लाभासाठी किंवा हानी करण्यासाठी उघड करणे हा ७२-ए खाली गुन्हा आहे. यांत तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घरभेद्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत ७२-ए विशेष उपयोगी आहे.

मावळात हद्दीचा प्रश्न हमखास उपस्थित होतो. तळेगाव परिसर पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो, तर वडगाव, कामशेत, लोणावळा हा भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. तथापि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीतील असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळाल्यास या कलमाचा नम्रपणे उल्लेख करावा.

नवा कायदा आणि भरपाईचा प्रश्न

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेविषयीच्या तरतुदी तत्काळ लागू झाल्या. कंपन्यांवरील मुख्य कर्तव्ये अधिसूचनेप्रमाणे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. त्यानंतर गळती झाल्यास कंपनीने प्रत्येक बाधित व्यक्तीस विनाविलंब व सोप्या भाषेत कळवावयाचे आहे आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावयाचा आहे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि कळवण्यात कसूर केल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाधित व्यक्तीने आधी कंपनीकडे तक्रार करावयाची आणि तेथे समाधान न झाल्यास मंडळाकडे जावयाचे, असा क्रम आहे.

हे आकडे मोठे आहेत; पण दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याचे नुकसान झाले, त्याच्या हाती त्यातील काही येत नाही. शिवाय याच अधिनियमाने कलम ४३-ए वगळले जाणार आहे आणि तेही त्याच अठरा महिन्यांच्या टप्प्यावर. म्हणजे कंपन्यांवरील धाक वाढेल, परंतु सामान्य व्यावसायिकाने थेट भरपाई मागण्याची एक सरळ वाट बंद होईल. ज्यांचे नुकसान त्यापूर्वी झाले आहे, त्यांनी वकिलाचा सल्ला घेऊन दावा वेळेत दाखल करणे हिताचे. ज्यांचे नुकसान अद्याप झालेले नाही, त्यांनी भरपाईची तरतूद आता आपल्या करारातच करून घ्यावी. कायद्यातून जे जाणार आहे, ते करारात आणता येते, आणि त्याची वेळ सॉफ्टवेअरचे नूतनीकरण करण्यापूर्वीची आहे.

आपल्याकडून गळती झाली तर

येथवर आपण बाधित आहोत, असे धरून विवेचन केले. आता दुसरी बाजू. कलम ४३-ए मधील ‘संस्था’ या शब्दात भागीदारी तर येतेच, पण व्यावसायिक काम करणारी एकट्याची मालकीची पेढीही येते. म्हणजे एका खोलीतील दवाखाना किंवा गावातील आयुर्वेदिक औषधालय यांनाही ते लागू आहे. नव्या कायद्यातही संगणकावर रुग्णाची माहिती ठेवणारा वैद्य त्या माहितीचा उत्तरदायी विश्वस्त ठरतो. एचआयव्हीबाधितांच्या नोंदींबाबत तर २०१७ च्या स्वतंत्र अधिनियमाने माहिती-संरक्षणाचे विशेष बंधन घातले आहे.

कायद्याच्याही आधीचे बंधन आपणांवर आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर न सांगण्याची स्पष्ट आज्ञा आहे. वैद्याला घरात प्रवेश मिळतो तो या अटीवर. घरात जाण्याऐवजी आज आपण त्या घराची माहिती मोबाईलमध्ये घेऊन फिरतो, एवढाच फरक.

म्हणून आपल्या दवाखान्यातून गळती झाली, तर ती लपवू नये. रुग्णास स्वतः दूरध्वनी करून किंवा भेटून सांगावे : काय गेले, केव्हा गेले, त्याने कोणती काळजी घ्यावी. सर्ट-इनला कळवावे, त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९ आहे. रुग्णास ही वार्ता तिसऱ्याकडून कळली, तर झालेल्या चुकीपेक्षा लपवाछपवीचा राग अधिक असतो, आणि पुढे तक्रार झाली तर आपण वेळेत सांगितले होते, हाच आपला मोठा बचाव असतो.

निदानपरिवर्जन

रोगाचे कारण टाळणे ही चिकित्सेची पहिली पायरी. पुढील काही गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत.

सॉफ्टवेअर घेताना लेखी करार मागावा. माहितीची मालकी आपली राहील, गळती झाल्यास ठरावीक तासांत कळवले जाईल, हयगयीमुळे झालेले नुकसान कंपनी भरून देईल आणि सेवा बंद केल्यावर सर्व नोंदी आपणांस परत देऊन तिच्याकडील प्रती पुसल्या जातील, ही चार कलमे त्यात असावीत. लहान ग्राहकासाठी कंपनी करार बदलत नाही, असा अनुभव येतो. तेथे एकट्याऐवजी संघटनेच्या वतीने बोलावे. एकाच सॉफ्टवेअरचे पन्नास वापरकर्ते एकत्र आले, तर कंपनीस ऐकावे लागते.

दवाखान्यातील प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि काम सोडून जाणाऱ्याचा त्याच दिवशी बंद करावा. रुग्णांची छायाचित्रे व अहवाल व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाकू नयेत. विद्वच्चर्चेसाठी टाकावयाचेच झाल्यास नाव, चेहरा व गाव काढून टाकावे आणि रुग्णाची संमती घ्यावी. आवश्यक नाही ती माहिती मागूच नये. काढ्याच्या बिलासाठी आधार क्रमांक कशाला? जी माहिती आपल्यापाशी नाही, ती चोरीस जाऊ शकत नाही. नोंदींची एक प्रत इंटरनेटशी न जोडलेल्या वेगळ्या साधनावर दर आठवड्यास काढून ठेवावी, म्हणजे खंडणीखोरांनी संगणक अडवला तरी चिकित्सा अडणार नाही. बँक व्यवहारांच्या संदेशांसाठी दिलेला मोबाईल क्रमांक चालू आहे ना, हे आजच पाहावे, कारण तीन दिवसांची मुदत त्या संदेशापासून मोजली जाते.

वाचकांना विनंती अशी की १९३० हा क्रमांक, बँकेचा तक्रार क्रमांक, आपल्या पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता एका कागदावर लिहून तो औषधांच्या कपाटाच्या दाराआत चिकटवावा. प्रसंग आला, तर शोधाशोध करण्यात पहिले तास जाऊ नयेत.